चौदावी दस्त

मुलांनो, डोळे मिटा आणि एक चौकोनी टेबल समोर आणा. वर हिरवं कापड, त्यावर दुपारचं तिरकं ऊन. चार खुर्च्या, चार माणसं, बावन्न पत्ते, प्रत्येकाकडे तेरा. चौघांनी एकेक पान टाकलं की वरचढ पानवाला ती चारही उचलतो. ती झाली एक दस्त. म्हणजे एका डावात दस्ती तेराच. तेवढं लक्षात असू द्या.

खेळ ब्रिजचा होता. एकीकडे दातांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांचे वकील दीर, दुसरीकडे आजोबा आणि त्यांची दहा वर्षांची नात, चिमणी. बाईंनी इस्पिक हुकूम धरून दहा दस्तींची बोली केली. चिमणी ताडकन म्हणाली, "डबल!" म्हणजे, तुमच्या दहा होतच नाहीत.

"दुधाचे दात तरी पडलेत का गं सगळे?" बाई हसल्या.

बोली बाईंची, म्हणून नियमाप्रमाणे त्यांचे भिडू वकीलकाका यांनी आपली पानं उघडी मांडली. "चार दस्ती घेऊन बोली मोडलीस, तर ही खुर्ची कायमची तुझी. नाहीतर रविवारपासून आजोबांना दुसरा भिडू."

चिमणीनं मान डोलावली.

आजोबा-चिमणीची तिसरी दस्त चिमणीनंच घेतली. आता एकच हवी! चौकटचे एक्का-राजा कधीच गेले होते. राणी आजोबांकडे असेल, असं मनाशी धरून तिनं चौकटची तिर्री टाकली. काकांच्या पानांतली पंजी पडली. आजोबांच्या कोपरापाशी काहीतरी सरकलं, आणि चौकटची राणी टेबलावर आली. बाईंनी नव्वी टाकली.

चिमणीनं चारही पानं गोळा करून बाकीच्या तिन्हींवर आडवी ठेवली.

दस्त जिंकणाऱ्यानं पुढचं पान टाकायचं, म्हणजे आता आजोबांनी. टाकलं बाईंनी. चिमणीनं त्यावर आपलं पान टाकलं.

डाव संपला. "दहा," बाई म्हणाल्या. "झाली बोली."

"पण आमच्या चार आहेत."

मोजलं. तिकडे दहा, इकडे चार. प्रत्येक गड्डीत पानं चार.

"पत्त्यांच्या जोडात जास्तीची पानं घुसली असणार," काका म्हणाले. सगळी एकत्र करून मोजली. बावन्न. चार-चारच्या गड्ड्या लावल्या. तेरा.

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "तुझी चौथी कुठली गं?"

"तुमच्या चौकट राणीची."

"माझ्याकडे चौकट राणी नव्हतीच, बाळ."

"ती माझ्याकडे होती," बाई हळूच म्हणाल्या. "शेवटच्या दस्तीला टाकली मी."

काका हसायला गेले, पण हसू काही आलं नाही.

"चिमणे," आजोबा म्हणाले, "राणी टाकताना कुणाला पाहिलंस?"

चिमणीनं आठवून पाहिलं. आजोबांची बोटं जाड, नखं पिवळी.

"फक्त बोटं दिसली. माझ्या बोटांएवढीच होती."

"मग ती दस्त आमची नाही, त्या बोटांची आहे," चिमणी म्हणाली. ती खोटं बोलली नाही. "बोली झाली."

ती उठली. आपली खुर्ची तिनं आजोबांच्या कोपरापाशी ओढत नेली, टेबलाकडे तोंड करून ठेवली, आणि मागे सरून त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली,

"बस. तू जिंकलास. पत्ते मी पिसते."