नवव्या वळणावर पाय कोणी उचलला

भुतं रात्रीच दिसतात असं वाटत असेल, तर हे वाचू नका.

ही शुक्रवारी दुपारी अडीचला, लख्ख उन्हात घडलेली गोष्ट आहे. आणि खरी आहे. माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडली. लग्न ठरताना टोपी काढून स्वतःचं टक्कल आधी दाखवणारा माणूस तो. थापा मारणं त्याला जमतच नाही.

दादा शर्यतीच्या मोटारींच्या एका मोठ्या संघात इंजिनिअर. गाडी ट्रॅकवर धावते, हा गॅरेजमध्ये पडद्यासमोर बसतो. पडद्यावर दोन रेषा. हिरवी म्हणजे ड्रायव्हरने वेगाचं पेडल किती दाबलंय. लाल म्हणजे इंजिन किती ताकद देतंय. हिरवी वर गेली की लाल वर जाणारच. त्या रेषा बघायचं काम एकट्या दादाचं. बाकीचे त्याच्या शब्दावर चालायचे.

त्या दिवशी गाडीत दादाचा सख्खा भाचा होता. पहिलंच वर्ष. तीन शर्यतींत वेळ सुधारला नाही तर घरी बसायचं, असं संघाच्या साहेबांनी त्याला बजावलं होतं.

ही तिसरी शर्यत होती.

सरावाची दुसरीच फेरी. नववं वळण...

लाल रेष खाली आली. हिरवी वरच होती.

"मामा, ताकद गेली," भाचा रेडिओवर म्हणाला. "माझा पाय पूर्ण खाली आहे."

"दिसतंय मला. चालव तू."

वळण संपलं, ताकद परत आली. पुढच्या फेरीत पुन्हा तिथेच गेली.

प्रत्येक फेरीत.

त्यांनी इंधनाचा पंप बदलला. सेन्सर बदलले. वायरिंग बदललं. शनिवारी अख्खं इंजिनच बदललं. त्याची शिक्षा म्हणून शर्यत सगळ्यांच्या मागून सुरू करावी लागणार होती, पण इलाज नव्हता. नवं कोरं इंजिन, चाचणीत अगदी ठणठणीत.

नववं वळण...

लाल रेष खाली.

मेकॅनिकांनी हात टेकले. दादा मात्र त्या रेषेकडेच बघत होता. इंजिन बिघडलं की रेष थरथरते, तुटते. ही अलगद उतरत होती. कोणीतरी पाय उचलावा, तशी.

असा पाय एकच माणूस उचलायचा. गेल्या वर्षीचा ड्रायव्हर. सगळे त्याला लंबू म्हणायचे.

याच ट्रॅकवर, याच वळणावर तो दर फेरीला जरासा पाय उचलायचा. दादानेच त्याच्या हिरव्या रेषेचा कागद भर मीटिंगमध्ये भिंतीला लावला होता. "इंजिन ठीक आहे, ड्रायव्हर भित्रा आहे," असं म्हणाला होता. सगळे खो खो हसले. लंबूही हसला.

दुसऱ्या दिवशी लंबूने पाय उचलला नाही. गाडी भिंतीवर गेली, आणि त्याच दुपारी तो गेला.

हे आता कोणाला सांगणार? रविवारी शर्यतभर दादा नुसता बघत राहिला. भाचा शेवटून दुसरा आला.

सोमवारी साहेबांनी दोघांना बोलावलं.

"इंजिनात काही सापडलं नाही," ते भाच्याला म्हणाले. "तूच पाय उचलतोस."

"मामाला विचारा. त्याने तिन्ही दिवस पाहिलंय. मामा, दाखव ना त्यांना."

दादाला हायसं वाटलं. सगळं नोंदलेलं होतं. त्याने शुक्रवार उघडला. दुसरी फेरी, नववं वळण...

दोन्ही रेषा खाली आल्या होत्या. बरोबरीने.

त्याने शनिवार उघडला. रविवार उघडला. एकूण चौऱ्याऐंशी फेऱ्या. सगळीकडे हिरवी रेष वाकलेली.

"साहेब, मी माझ्या डोळ्यांनी..." दादाने पुन्हा शुक्रवार उघडला.

भाचा पडद्याकडे बघतच नव्हता. मामाकडे बघत होता.

"नोंद तू बदललीस?"

भाच्याला काढलं. दोन आठवड्यांनी त्याच ट्रॅकवर, त्याच इंजिनाच्या गाडीत दुसरा ड्रायव्हर बसला. एकदाही ताकद गेली नाही. भित्रा म्हणून भाच्याचं नाव झालं ते झालंच. दुसऱ्या कुठल्या संघाने त्याला दारात उभं केलं नाही. बहीण आता दादाचा फोन घेत नाही.

गेल्या महिन्यात दादाने त्या रेषांचा कागद माझ्यापुढे ठेवला.

"नीट बघ. हिरवी वर आहे ना?"

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं...

ती खालीच होती.

हो म्हणायला माझं काय जात होतं? पण मी कागद तसाच त्याच्याकडे सरकवला. दादाने कागदाची घडी घातली आणि निघून गेला.