आतून धरलेलं दार

पाहुण्याला या कामातून काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकू. म्हणजे तो पुढे असा का वागला, याचं कोडं पडायला नको.

त्याला बदली मिळणार होती.

बस, एवढंच. पण त्या एका बदलीत बायको होती, शाळेत जायला लागलेली लेक होती, आणि ताप आला तर कपाळावर ठेवायला दुसऱ्या कुणाचा तरी हात होता. इकडे भाड्याच्या खोलीत त्याच्याशी बोलायला फक्त फ्रिज होता. तोही मनात आलं तरच बोलायचा.

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर बेतली त्याच्या तोंडून ऐकलेली, आणि त्या वेळी जागेवर असलेल्या मिस्त्रीकडून पडताळून घेतलेली. चहात साखर किती, यावरही या दोघांचं कधी एकमत झालेलं नाही. पण या गोष्टीत दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक पडत नाही.

भुताची गोष्ट म्हटली की अमावस्या हवी, वारा हवा, लांब कुठेतरी कुत्रं रडायला हवं. इथे तसलं काही नाही. सुट्टीची दुपार होती. लख्ख ऊन पडलेलं.

आणि जागा म्हणजे लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्याचा मनोरा.

मनोरा म्हणजे नुसती उंच, पोकळ इमारत. आत कोणी राहत नाही. प्रत्येक मजल्यावर एक लिफ्टचं दार, आणि दारामागे वरपासून खालपर्यंत काळाकुट्ट शाफ्ट, म्हणजे माणसं नेणारी केबिन वर-खाली जाते ती विहीर. नव्या लिफ्ट इथे तपासायच्या, मग गिऱ्हाइकाकडे पाठवायच्या. खऱ्या इमारतीत दाराला लोखंडी कुलूपही असतं. केबिन समोर आल्याशिवाय ते सुटत नाही. मनोऱ्यात ते मुद्दाम काढून ठेवलेलं. लिफ्ट चालवणारा प्रोग्रॅम एकटा किती भरवशाचा आहे, ते कळावं म्हणून.

तो प्रोग्रॅम मूळचा मास्तरांचा.

मास्तर म्हणजे तिथला सगळ्यात जुना माणूस. बायको-मुलं नाहीत. निवृत्त झाले तरी रोज यायचे आणि तळमजल्यावर लिफ्टच्या दाराकडे तोंड करून खुर्चीत बसायचे. त्यांची एक पद्धत होती. कुठलंही दार उघडण्याआधी त्यावर दोनदा थाप मारायची आणि विचारायचं, "आहेस का?" आत केबिनच्या टपावर कोणी काम करत असलं, तर तोही आतून दोन थापा मारून म्हणायचा, "आहे!" मगच पुढचं काम.

"अहो मास्तर, समोर दिवा लागलाय की हिरवा," पाहुणा हसायचा.

"दिवा लागलाय हे दिव्याचं म्हणणं झालं. आत कोण आहे, ते आतल्याला विचार."

पाहुणा हे टोपणनाव मास्तरांनीच ठेवलेलं. रुजू झाला त्या दिवशी हा म्हणाला होता, "मी इथे फार दिवस नाही." त्याला वर्षं उलटली. नाव मात्र त्याच दिवशी चिकटलं.

मास्तर गेले ते त्याच खुर्चीत. बसल्या बसल्या.

आणि दिवस मावळेपर्यंत कोणाला कळलं नाही...

जाणारा-येणारा प्रत्येक जण बघत होता, मास्तर बसलेत. रोजच बसतात. पाहुण्याने तर सकाळी त्यांच्या शेजारी चहा ठेवला, दोन शब्द बोलला आणि उत्तराची वाट न बघता वर गेला. ज्याने जन्मभर बंद दारांना "आहेस का?" विचारलं, त्याला ते विचारायचं कोणाला सुचलं नाही. संध्याकाळी चहा तसाच होता. वर साय धरलेली.

ती खुर्ची पुढे कोणी हलवली नाही. तिच्यात बसलंही नाही.

आता कामाचं बघू. साहेबांना नव्या लिफ्टमध्ये मोठा, रंगीत पडदा हवा होता. केबिन कितव्या मजल्यावर आहे, ते दाखवणारा. पाहुण्याने मास्तरांच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: केबिनला तिचा मजला विचार आणि पडद्यावर दाखव. त्याखाली मास्तरांची जुनी ओळ होतीच: केबिन नसेल, तर दार उघडू नकोस.

पडदा दिसू लागला. पण लिफ्ट मंदावली. बटण दाबलं की विचार करायची, मग हलायची.

"हे बघ पाहुण्या," साहेब म्हणाले, "तिला पळव. पहिला सेट नव्या इमारतीत जाऊ दे, त्याच दिवशी तुझ्या बदलीवर सही. आणखी काय पाहिजे तुला, हार-तुरे?"

पळवायचा एक उपाय पाहुण्याला ठाऊक होता. कम्पायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा दुभाषा. साधा ठेवला तर तो ओळीला ओळ उतरवतो. ऑप्टिमायझेशन चालू केलं तर डोकं चालवतो, फालतू वाटेल ते गाळतो आणि प्रोग्रॅम वाऱ्यासारखा पळतो. मास्तर त्याला 'हुशारी' म्हणायचे. प्रोग्रॅमच्या माथ्यावर त्यांनी लिहूनच ठेवलेलं: इथे हुशारी चालू करू नये.

"हा म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ," मास्तर सांगायचे. "अडचणीचं वाक्य गाळतो आणि वर हसतो."

पाहुण्याला हे म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. त्याने हुशारी चालू केली.

लिफ्ट पळाली.

सुट्टीच्या दुपारी तो शेवटची चाचणी घ्यायला मनोऱ्यात आला. एकटाच. सुट्टीच्या दिवशी खोलीत बसण्यापेक्षा हे बरं होतं. केबिन त्याने अगदी वर नेऊन ठेवली आणि तिला प्रोग्रॅमशी जोडणारी तार काढली. म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी केबिन नाहीच. मग खाली येऊन दार उघडायचं बटण दाबलं.

दार उघडायला नको होतं.

नाही उघडलं.

पाहुणा खूश झाला. चाचणी पास. कपाटाच्या वर कुठे बॅगा ठेवल्यात, इथपर्यंत त्याचं मन पोचलं.

तेवढ्यात त्याला ऐकू आलं...

घुंऽऽऽ.

दाराची मोटर चालू होती.

मोटर फिरते ती दार उघडा असा हुकूम आला तर. हुकूम आला नसेल तर ती गप्प राहते. म्हणजे प्रोग्रॅम सांगत होता, उघड. मोटर ओढत होती. दोन्ही फळ्या थरथरत होत्या.

आणि दार मात्र हलत नव्हतं. कोणीतरी दोन्ही बाजूंनी धरून ठेवावं तसं...

त्याने बटण सोडलं. मोटर थांबली. मनोऱ्यात इतकी शांतता झाली की त्याला स्वतःचा श्वास दुसऱ्याचा वाटला.

मग आतून आवाज आला.

धप.

धप.

पाहुणा मागे सरकला तो खुर्चीला अडखळला. मास्तरांची खुर्ची. तिची जागा ठरलेली होती, आणि ती त्या जागेवर नव्हती. मागे सरकलेली, जराशी तिरकी. घाईने उठून कोणी गेलं की राहते, तशी.

आता इथे शहाण्या माणसाने काय करावं? चाचणी थांबवावी, चार जणांना बोलवावं. पाहुणा शहाणा होताच. पण बदलीवर सही व्हायची होती. मोटरचा आवाज वरच्या मजल्यावरचा असेल, असं त्याने ठरवलं. दार अडकलं असेल, असंही ठरवलं. थापा त्याने ऐकल्याच नाहीत, असं ठरवून टाकलं. चाचणीच्या कागदावर 'पास' लिहिलं आणि उन्हात येऊन कितीतरी वेळ नुसता उभा राहिला.

सेट गेला.

त्यानंतर मनोरा एकदम गप्प झाला. आधी कसलीतरी कुरकुर असायची, कुठेतरी काहीतरी टकटकायचं. आता काही नाही. घर रिकामं केल्यावर भिंती जशा वाटतात, तसं.

मग एका सकाळी मिस्त्रीचा फोन आला. मिस्त्री म्हणजे जागेवर जाऊन लिफ्ट बसवणारा. मास्तरांच्या हाताखाली तयार झालेला.

"काय पाहुणे, निघाली का वरात?"

"निघतेय. तुम्ही बोला."

"तुमचं दार रुसलंय. काल बसवलं तेव्हापासून. मोटर नुसती बोंबलतेय, दार जागचं हलत नाही. आमचा गडी आता पहार घेऊन आलाय."

"केबिन कुठे आहे?"

"केबिन कुठली अजून? ती खाली गाडीतच आहे. नुसती दारं लावलीत. कुलपंही उद्या बसवणार."

केबिन नाही. म्हणजे मोटर गप्प असायला हवी.

"मिस्त्री, पहार लावू नका! कोणालाही दाराला टेकू देऊ नका!"

फोन कानाला तसाच ठेवून त्याने कम्पायलरने उतरवलेला मजकूर उघडला. यंत्राच्या भाषेतला. हुशारी चालू केल्यापासून तो एकदाही बघितला नव्हता. पाहुण्याची ओळ होती. केबिनला तिचा मजला विचार.

त्याखाली मास्तरांची ओळ...

नव्हती.

मूळ प्रोग्रॅममध्ये होती. यंत्रात नव्हती. खूण नाही, इशारा नाही, काही नाही.

आणि मग त्याला दुभाष्याचं गणित कळलं. जी केबिन नाहीच तिला मजला विचारला तर काय व्हावं, हे भाषेच्या नियमांत कुठेच ठरलेलं नाही. काहीही होवो, हमी कुणाची नाही. असला प्रश्न कोणी करणारच नाही, असं कम्पायलर धरून चालतो. तू तिला मजला विचारलास ना? मग ती आहेच. आहे, तर 'आहेस का' हे पुन्हा कशाला विचारायचं? गाळा. मोठा संगणक असता तर त्या प्रश्नाला जागीच आडवा झाला असता, चूक लगेच कळली असती. लिफ्टमधली चिप साधी. कुठलातरी आकडा देऊन ती मोकळी झाली.

मास्तरांची ओळ बरोबर होती. तिच्या डोक्यावर बसलेली ओळ पाहुण्याची होती.

त्याला तो चहा आठवला. शेजारी ठेवला, बोलला आणि वर गेला.

"पाहुणे..." मिस्त्रीचा आवाज बदलला होता. "आत कोणीतरी आहे."

"कोणी नाही. शाफ्ट रिकामा आहे. आधी वीज तोडा."

"अहो, थापा मारतंय. ऐका."

फोनमधून ऐकू आलं.

धप. धप.

"आहेस का?" मिस्त्री ओरडला. सवयच ती.

उत्तर आलं नाही. मिस्त्रीने वीज तोडली. मोटर थांबली. आणि ते दार, ज्याला पहार लावायची वेळ आली होती, ते एका बोटाने सरकलं. वारा आत गेल्यासारखं, अलगद.

समोर काळा खड्डा. खालपर्यंत मोकळा.

"पाहुणे," बॅटरी मारून बघत मिस्त्री म्हणाला, "फळ्यांच्या आतल्या बाजूला धूळ बसलीय. धुळीत हाताचे पंजे उमटलेत. दोन्ही फळ्यांवर. पण आत उभं राहायला जागाच नाहीये हो..."

साहेबांना या पंजांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना ओळ कोणाची, एवढंच हवं होतं.

"प्रोग्रॅम मास्तरांचा ना? मग लिही की, जुनी चूक सापडली. मेलेला माणूस काय उठून नाही म्हणणार आहे?"

बदलीचा कागद टेबलावरच होता.

"तेच सांगता येत नाही, साहेब," तो म्हणाला. "ओळ माझी आहे."

कागद परत खणात गेला. सगळं नव्याने लिहायचं, नव्याने तपासायचं. आणि ज्याने बिघडवलं, त्याच्याशिवाय ते करणार कोण?

संध्याकाळी त्याने घरी फोन केला. कसं सांगावं, याची तालीम करूनच.

"अगं, बदलीचं लांबलंय. पिल्लूला समजाव जरा. रडेल ती."

"नाही रडायची," बायको शांतपणे म्हणाली. "मी तिला सांगितलंच नव्हतं तू येतोयस म्हणून."

"का?"

"असंच. ती हल्ली विचारत नाही ना."

फोन ठेवल्यावर फ्रिज बोलला. मग तोही थांबला.

तर कोणी काय किंमत मोजली, ते बघू. साहेबांचं काही गेलं नाही. साहेबांचं कधी जात नसतं. मिस्त्रीच्या गड्याचा जीव वाचला, आणि दार बिघडलेलं होतं यावर तो आजही ठाम आहे. पाहुण्याची बदली गेली. त्याहून महाग त्याला लेकीचं न विचारणं पडलं. आणि मास्तरांनी जिवंत असताना पगारावर दारं राखली, गेल्यावर फुकट.

प्रोग्रॅम आता नीट आहे. आधी विचारतो, मग बोलतो. केबिन नसली की मोटर गप्प राहते. पाहुणा तरीही रोज मनोऱ्यात शिरताना दारावर दोनदा थाप मारतो.

"मास्तर... आहात का?"

थांबतो. हल्ली उत्तराची वाट बघतो.

आतून काही येत नाही. खुर्ची अजून तशीच मागे सरकलेली, तिरकी. ती सरळ करायला तो धजत नाही. ते दार धरण्याची आता गरज उरली नाही, मग मास्तर परत येऊन बसले का नाहीत? हा प्रश्न त्याला झोपू देत नाही. सुट्टीच्या दिवशी तो आपल्या जुन्या ओळी उघडून बसतो. या कारखान्यात आल्यापासून लिहिलेल्या, सगळ्या. कुठल्या इमारतीत कुठली गेली, ते शोधत.

कारण मास्तर परतले नाहीत, म्हणजे ते अजून कुठेतरी दार धरून उभे आहेत.

आणि ते दारही आपलंच असणार, याची त्याला खात्री आहे.