गौराबाईची बाटली

हे खरं घडलेलं आहे. पटत नसेल तर राहू द्या, मी काही शपथा घेत बसत नाही.

साल अठ्ठावन्न. चैत्रातली रणरणती दुपार. परंडा तालुक्यातला एक सरकारी दवाखाना. गावाचं नाव मात्र विचारू नका. माझे चुलते शांतलिंगअप्पा तिथं कंपाउंडर होते.

तेव्हा औषधाला बाटली घरून न्यावी लागायची. सकाळी व्हरांड्यात बाटल्यांचीच रांग लागायची. बाटली नाही तर औषध नाही, असा अप्पांचा खाक्या.

त्या दुपारी डॉक्टर परगावी गेलेले. धुरपदाबाई नावाची बाई दोन वर्षांच्या पोराला घेऊन पळत आली. पोराचं तोंड आलं होतं. जीभ, हिरड्या, ओठ... सगळं फोडांनी भरलेलं. दोन दिवस पाण्याचा घोट नाही.

ते रडत होतं, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

अप्पांनी तोंडाला जांभळं औषध लावलं. पाजायच्या औषधासाठी बाटली मागितली. बाईनं गडबडीत आणलीच नव्हती.

"मग जा, घेऊन या," अप्पा सवयीनं बोलून गेले.

बाई बाहेर पडली, आणि अप्पांना गेलं साल आठवलं.

गेल्या चैत्रात लेकराला घेऊन आलेल्या गौराबाईला त्यांनी हेच सांगितलं होतं. तिच्याही लेकराचं तोंडच आलं होतं. त्याला कडेवर घेऊन ती चार कोस उन्हात बाटली आणायला गेली...

लेकरू वाटेतच गेलं. महिन्याभरात तीही गेली.

अप्पा हाक मारायला उठले. तोवर धुरपदाबाई परत दारात. हातात बाटली. व्हरांड्यातल्या बाईनं दिली म्हणे.

अप्पांनी बाहेर डोकावलं...

व्हरांड्यात कुणीच नव्हतं. फुफाट्यात धुरपदाबाईची येतानाची पावलं तेवढी होती.

बाटली हातात घेतली. चार कोस उन्हातून आणावी तशी तापलेली.

"काय म्हणली ती?"

"म्हणली, कंपाउंडरसायबाला सांग, आता बाटली आणलीया."

अप्पांनी औषध भरलं. दोघांनी मिळून थेंब थेंब पाजलं. तिन्हीसांजेला पोरगं रडलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं. पोरगं वाचलं.

आठ दिवसांनी बाई बाटली परत द्यायला आली. द्यायची कुणाला? अप्पांनी ती कपाटात कुलूपबंद केली.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात बाटल्यांची रांग. सगळ्यांत पहिली...

तीच. रिकामी.

त्यानंतर बाटलीपायी अप्पांनी कुणालाच परत धाडलं नाही. गौराबाईला निवद दाखवला, माफी मागितली. तरी नोकरी संपेपर्यंत ती बाटली रोज रांगेत पहिली असायची. अप्पा भरून ठेवायचे. दुपारपर्यंत रिकामी व्हायची.

शेवटच्या दुखण्यात अप्पा मला एकच विचारायचे, "तिच्या लेकराला उतार पडला असंल का रं?"