कपांचे कान

चहा झाला, कप विसळून फळीवर पालथे घातलेस, आता बस जवळ. दिवा जरा मोठा कर. सगळं एकदाच सांगते, धाकटे, परत विचारू नकोस.

लग्न ठरवताना मावशी म्हणाली होती, घड्याळजी आहे, मुंगीही मारायचा नाही. खोटं नव्हतं. मुंगीला तो कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडायचा. रागीट माणूस परवडला गं, निदान आवाज तरी करतो. हा कधी ओरडला नाही. ताटली जरा वाकडी राहिली, की दुकानातला बारीक चिमटा घेऊन शेजारी बसायचा. माझा हात मांडीवर घ्यायचा आणि मऊ आवाजात विचारायचा, “चुकलं कुठे, तूच सांग.” मग नखाखाली... नंतर मलमही स्वतःच लावायचा. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ना, त्या गोगलगायीशी मी संसार केलाय.

त्याची पहिली बायको जिन्यावरून पडून गेली. कपांचे कान उजवीकडेच हवेत, हा नियम तिच्या वेळचा. एका संध्याकाळी मी कप कसेही ठेवले नि कांदा चिरायला बसले. मागे फळीवर काहीतरी घासलं. वळून बघते तर कप एकेक करून फिरत होते, उजवीकडे. खोलीभर मलमाचा वास. शेवटचा कप थांबला आणि तो दारात उभा. त्याची पावलं कधीच वाजत नसत.

मग ते रोजचंच झालं. कप फिरले, की तो जिन्यात आहे समजायचं. खोटं कशाला बोलू, मला धीर आला. वाटलं, ती माझ्या पाठीशी आहे.

त्याच भरवशावर मी पळायचं ठरवलं. पिशवी भरून पलंगाखाली ढकलली. संध्याकाळी कप फिरले, आणि बघते तर पिशवी दारात पडलेली, रिकामी. माझे कपडे कपाटात, त्याला हव्या तशा घड्या घालून. ती मला सावध करत नव्हती गं. ती त्याला घाबरत होती, मेल्यावरही.

तो पिशवीकडे बघून हसला. “चुकलं कुठे,” एवढंच म्हणाला. हा हात तेव्हाचा. बघू नकोस.

आज तो दुकानात गेला नि मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. तुझं हे घर त्याला ठाऊकच नाही. म्हणून तर आले.

काय गं? मागे काय बघतेस?

“ताई... कप मी पालथे घातले होते. आता सगळे सुलटे आहेत, कान उजवीकडे.”

हळू बोल. दाराजवळ जाऊ नकोस. त्याची पावलं वाजत नाहीत.