टिटवीचा पत्ता

बातमी आली तेव्हा तो टेबलाखाली होता. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सगळ्या संगणकांची जोडणी त्याच्याकडे होती, आणि त्या सकाळी उंदरांनी एका टेबलामागची वायर कुरतडून ठेवली होती. तोंडात दोन स्क्रू धरून तो गुडघ्यांवर बसला होता. स्टोअरकीपर आला आणि वाकून म्हणाला, "जरा बाहेर या."

"आलोच. एवढं होऊ दे."

"राहू दे ते. आत्ता या."

एरवी हा माणूस टेबलाखालच्या माणसाला टोमणा मारल्याशिवाय पुढे जात नसे. आज टोमणा आला नाही, तेव्हा याने तोंडातले स्क्रू काढून खिशात टाकले आणि तो बाहेर आला.

दाढ काढायला गेलेली त्याची बायको दातांच्या दवाखान्यात नंबर लागायच्या आधीच बाकावर बसल्या बसल्या गेली होती. शेजारच्या बाईला वाटलं, डुलकी लागली. तिने बराच वेळ आपला खांदा दिला होता.

बायकोला सगळे टिटवी म्हणत. ती त्याच प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची आणि तिच्या बाटल्यांना कुणी हात लावला की असा आवाज काढायची की बाहेरचा पहारेकरी आत डोकावून जाई. तिला संगणक दिला तेव्हा नवऱ्याने त्याचं नावही टिटवीच ठेवलं. तिने अबोला धरला, मग ते नाव कागदावर छापून पडद्याच्या वर चिकटवलं.

त्यांची एकुलती एक लेक, ठकू, दुसऱ्या गावी एका संस्थेत संशोधन करत होती. संस्थेने तिला तळमजल्यावरची एक छोटी खोली आणि युनिक्स या प्रणालीवर चालणारं एक यंत्र दिलं होतं. गेल्या वर्षी तो स्वतः जाऊन त्या यंत्राची बैठक नीट बसवून आला होता. काम साधं होतं. यंत्राला नाव समजत नाही, आकडे समजतात. 'टिटवी' असं म्हटलं की यंत्र आधी स्वतःजवळच्या एका फाईलीत बघतं: या नावापुढे कुठला आकडा आहे? तिथे नसेल तर नावं सांभाळणाऱ्या एका दूरच्या यंत्राला विचारतं. आधी कुणाला विचारायचं आणि मग कुणाला, हे आणखी एका फाईलीत लिहून ठेवावं लागतं. त्याने ठकूच्या फाईलीत एक ओळ घातली होती, आईच्या यंत्राचा आकडा आणि पुढे आईचं नाव.

तेव्हापासून दुपारच्या सुट्टीत मायलेकी बोलायच्या. युनिक्सवर त्याची जुनी सोय आहे. एकीने बोलावलं की दुसरीच्या पडद्यावर निरोप उमटतो, अमुक यंत्रावरून अमुक बोलू इच्छिते, उत्तर द्या. उत्तर दिलं की पडदा आडवा दुभागतो. वरच्या भागात आपलं, खालच्या भागात समोरच्याचं. अक्षर न अक्षर उमटताना दिसतं, चुकलेलं खोडतानाही दिसतं. टिटवी दोन बोटांनी टाइप करायची आणि लिहिण्यापेक्षा खोडायची जास्त. मराठीच बोलायच्या, इंग्रजी अक्षरांत.

सगळं आटोपून कामावर परतल्यावर त्याने पहिल्यांदा तिचं यंत्र बंद केलं. डिस्क कोरी करून बाहेर काढली, वायर काढली, यंत्र स्टोअरमध्ये नेऊन दिलं. नावं सांभाळणाऱ्या यंत्रातून टिटवी हे नाव काढलं. तिचा आकडा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, असं मात्र ठरवून ठेवलं. लोक येऊन खांद्यावर हात ठेवत, मोठा सुस्कारा सोडत आणि मग आपल्या बंद पडलेल्या प्रिंटरविषयी विचारत. त्या हातांची त्याला शिसारी येऊ लागली होती.

एकदा ठकूचा फोन आला.

"बाबा, नीट जेवतोस ना? आई विचारत होती."

त्याला वाटलं, जुनी सवय बोलून गेली. "कधी विचारत होती गं?"

"आज. दुपारी." मग ती घाईने म्हणाली, "ओरडू नकोस हं. ती नाहीये, हे मला कळतं. मी काही वेडी झालेली नाही. पण टिटवीवरून निरोप येतो आणि मी उत्तर देते. बोलते ती."

"काय बोलते?"

"नेहमीचंच. जेवलीस का, काय खाल्लंस. फक्त जरा जास्तच विचारते. घास किती वेळ चावलास, गिळताना कसा लागला, दातात काय अडकलं. आणि गुंतवळ टाकू नकोस म्हणते. नखंसुद्धा. ठेव म्हणते."

टिटवीला गुंतवळाची विलक्षण किळस होती. न्हाणीच्या जाळीवर एक केस दिसला तरी ती ताटावरून उठायची. तिच्या तोंडी हे वाक्य घालणारा जो कोण होता, त्याला ती माहीत नव्हती.

म्हणजे कुणीतरी हलकट तिच्या नावावर येऊन बसला होता आणि पोरीशी घाणेरडा खेळ खेळत होता. असंच असणार. त्याने प्रयोगशाळेतून तिचा आकडा तपासला. त्या आकड्यावर कुणी नव्हतं, सगळं चिडीचूप. स्टोअरमध्ये जाऊन तिचं यंत्रही पाहून आला. ते धूळ खात पडलं होतं, आत डिस्कही नव्हती.

"काय शोधताय?" स्टोअरकीपरने विचारलं.

"काही नाही."

"मग सापडलं असेल," स्टोअरकीपर म्हणाला, आणि बोलल्यावर स्वतःच ओशाळला.

म्हणजे लेकीचं यंत्रच कुठेतरी चुकीच्या जागी विचारत होतं. लेकीला त्या नावापासून तोडायचं, एवढंच आता त्याच्या डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो निघाला.

संस्थेच्या जिन्यापाशी झाडणाऱ्या मावशी भेटल्या. ठकूचे वडील म्हटल्यावर त्यांनी बादली खाली ठेवली.

"बरं झालं आलात. पोरगी गुणाची आहे हो तुमची, पण खोलीत काय कुजवून ठेवलंय ते विचारा तिला. मी आत जायचं सोडलंय. इतकी वर्षं संडास धुतले, मला कधी उलटी आली नाही. परवा आली."

खोलीला एकच खिडकी होती, ती उघडी होती, बाहेर लख्ख ऊन होतं. तरी वास होता. आधी ओल्या फडक्याचा वाटला. मग त्याच्या लक्षात आलं की हा तोंडाचा वास आहे, न घासलेल्या, बराच काळ मिटून ठेवलेल्या तोंडाचा.

ठकूचे कंबरेपर्यंतचे केस कानापाशी कापलेले होते. गाल बसले होते.

"केस कुठे गेले?"

"कापले. आई मागत होती." तिने नजर चुकवली. "ड्रॉवरमध्ये ठेवले होते. आता नाहीयेत."

"कुणी नेले?"

"दाराची किल्ली माझ्याकडेच असते, बाबा."

त्याने तिला बाहेर जाऊन काहीतरी खाऊन यायला सांगितलं. ती हलली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. तो खुर्चीत बसला. कळफलक चिकट होता. रुमालाने पुसला तेव्हा रुमालाला बारीक तार आली, लाळेसारखी. त्याने रुमाल कोपऱ्यात फेकला आणि पाण्याच्या बाटलीने बोटं धुतली. मग कामाला लागला, कारण काम त्याला येत होतं.

फाईल उघडली. त्याने घातलेली ओळ जागेवर होती. ती पुसली. यंत्राला विचारलं, टिटवी कुठे आहे? यंत्राने जुना आकडा सांगितला.

जुनी उत्तरं यंत्रं लक्षात ठेवतात, त्यात नवल नाही. त्याने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. विचारलं. तोच आकडा.

मग दूरच्या यंत्राला विचारायचं नाही, असं लिहून टाकलं. कुणाला कुठल्या क्रमाने विचारायचं त्या फाईलीत एकच शब्द ठेवला: फक्त स्वतःजवळच बघ. स्वतःजवळच्या फाईलीत आता यंत्राचं स्वतःचं नाव सोडून काही नव्हतं. एखाद्या घरात एकच माणूस राहतो आणि दाराबाहेर जायचं नाही असं ठरलं आहे, तशी अवस्था.

विचारलं. तोच आकडा.

त्याने यंत्राला बाहेरच्या यंत्रांशी जोडणारी वायर भिंतीतून उपटली. वायरचं टोक कोमट होतं आणि ओलं. ते त्याच्या तळहाताला लागलं तशी त्याने वायर झटकली, जणू ती चाटून गेली होती.

पुन्हा विचारलं. या वेळी आकडा बदलला. प्रत्येक यंत्र एका ठरलेल्या आकड्याने स्वतःलाच ओळखतं. 'मी' म्हणण्यासारखंच ते. टिटवी कुठे आहे, याचं उत्तर म्हणून यंत्राने तो आकडा दिला.

"म्हणजे काय?" मागून ठकूने विचारलं.

"इथेच आहे म्हणतंय."

त्याने यंत्राच्या पेटीचे स्क्रू काढले. स्क्रूंवर कारखान्याचा रंग होता, तो काढेपर्यंत तडकलेला नव्हता. आजवर कुणी ही पेटी उघडलेली नव्हती. झाकण उचललं.

आत केस होते. ठकूचे लांब केस, वळून वळून घरट्यासारखे बसवलेले, त्यांत नखांच्या कोरी आणि चावून मऊ केलेला अन्नाचा चोथा. सगळं ओलं. सगळं कोमट. पेटीतल्या पंख्याचा वारा लागून वरचे केस हलत होते, आणि खालचा लगदा पंख्याशी संबंध नसलेल्या लयीत हलत होता. बारीक. चघळल्यासारखा.

तो कोपऱ्यात जाऊन ओकला. ठकू म्हणाली, "मी आत काही घातलं नाही, बाबा. शप्पथ." तिच्या आवाजात भीती होती. त्याला त्यातल्या त्यात बरं वाटलं. इतका वेळ भीतीच नव्हती.

पडद्यावर निरोप उमटला. टिटवी बोलू इच्छिते, उत्तर द्या.

वायर जमिनीवर पडली होती.

"देऊ नको," ठकू म्हणाली.

पण त्याला त्या हलकटाला काहीतरी सांगायचं होतं. त्याने उत्तर दिलं. पडदा दुभागला.

खालच्या भागात अक्षरं उमटू लागली, दोन बोटांनी टाइप केल्यासारखी, थांबत थांबत.

'अहो.'

तो जवळजवळ हसला. टिटवीने उभ्या जन्मात त्याला अहो म्हटलं नव्हतं. ती त्याला एकाच नावाने हाक मारायची. ते नाव दार लावल्यावरचं होतं. लेकीलाही माहीत नव्हतं. त्याने ते कधी लिहिलं नव्हतं, कुणापुढे उच्चारलं नव्हतं. ते नाव त्याच्या मनात आलं.

खालची अक्षरं थांबली.

मग एकेक करून खोडली गेली.

मग ते नाव उमटलं. एकही चूक न करता.

आपल्या तोंडातला घास कुणी बोट घालून काढून नेला आणि चाखून परत ठेवला, तसं त्याला झालं. त्याने भिंतीतला प्लग ओढला. पडदा काळा झाला. पंखा मात्र जरा जास्तच वेळ फिरत राहिला.

ठकूला तो त्याच दुपारी घरी घेऊन आला. निघण्याआधी मावशींच्या मदतीने त्याने ती पेटी आतल्या सगळ्या घाणीसकट संस्थेच्या मागच्या अंगणात जाळली. मावशी नाकाला पदर लावून उभ्या होत्या. "काय होतं ते?" त्यांनी विचारलं. "माहीत नाही," तो म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं, आजही नाही.

ठकू आता बरी आहे. जेवते, झोपते, शेजारच्या पोरांना गणित शिकवते. केस मानेवर आले आहेत. टिटवीवरून निरोप आल्याचं तिने पुन्हा कधी म्हटलं नाही, आणि ती खोटं बोलत नाही. जे तिच्यामागे लागलं होतं ते तिला सोडून गेलं, एवढं नक्की. त्यासाठीच तो गेला होता.

त्याचं मात्र एक बिघडलं आहे. टिटवी आठवायला गेलं की आधी तो वास येतो. तिचा आवाज, तिचा राग, बाटल्यांवरचं तिचं अक्षर, सगळ्याच्या पुढे तो मिटलेल्या तोंडाचा वास येऊन बसतो. नीट रडताही येत नाही, मळमळतं.

प्रयोगशाळेत त्याच्या टेबलावर त्याचं स्वतःचं यंत्र आहे. त्यातून टिटवीची ओळ त्याने कधीच पुसली आहे. दुपारच्या सुट्टीत, बाकीचे डबे खायला गेले की, त्याच्या पडद्यावर निरोप उमटतो. टिटवी बोलू इच्छिते. पुढे त्याच्या कामावरच्या नावाच्या जागी ते दुसरं नाव असतं. त्या नावाने त्याला हाक मारणारं आता जगात दुसरं कुणी नाही.

त्याने एकदाही उत्तर दिलेलं नाही.

असे निरोप एका छोट्या आज्ञेने कायमचे बंद करता येतात. ती आज्ञा त्याने कितीतरी लोकांना शिकवली आहे. स्वतःच्या यंत्राला ती द्यायची अजून राहिली आहे.