मारितच्या गोळ्यांचं पाकीट

रॅग्ना हाउगे ऑफिसात येऊन बसल्या, पण त्यांनी कोट काढला नाही.

“माझ्या मुलीच्या गोळ्या चोरीला गेल्यात,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. काहीच नव्हतं.

लेनोर क्रोशे सरोवराकाठच्या ड्युलूथ शहरात बरीच वर्षं खासगी तपासाचं काम करत होती. ती ऐकायची; लिहून घ्यायचं काम तिच्या कामातल्या जोडीदाराचं, अमोसचं.

रॅग्नांची धाकटी मुलगी मारित डिसेंबरात एका सकाळी घरात कोसळली होती. मेंदूत रक्ताची गुठळी. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. संततिनियमनाच्या गोळ्यांमुळेच गुठळी झाली, असं म्हणून रॅग्नांनी त्या बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला होता.

“ती गोळ्या घेत होती हे तुम्हाला कसं कळलं?” लेनोरनं विचारलं.

“त्याच सकाळी बाथरूममधला खण उघडला होता. पाकीट पालथं पडलेलं. पाठीवर कंपनीचं नाव वाचलं नि खण लावून टाकला. एवढ्या मोठ्या पोरीला काय विचारायचं?”

“आणि आता वकील पाकीट मागतोय.”

“हो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय या गोळ्या मिळत नाहीत, आणि गावातल्या एकाही औषधाच्या दुकानात तिच्या नावाची नोंद नाही. पाकीट नाही तर दावा नाही, म्हणतो. फेब्रुवारीत कंपनीकडून एक माणूस आला होता. फार गोड बोलला. मग बाथरूम कुठाय म्हणाला.”

“सापडला की चोर,” अमोस म्हणाला.

“मारितला विचारलंत?” लेनोर म्हणाली.

“‘हो’ म्हणायचं तर डोळे मिटते. पण गोळ्यांचं विचारलं की भिंतीकडे तोंड फिरवते.”

मारितचा होणारा नवरा डेल एका गॅरेजात काम करायचा. तो हात पुसत बाहेर आला.

“ती कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध चालू होतं? म्हणून घरी जाऊन खण पाहिला. रिकामा होता. मला वाटलं, तिच्या आईनं आधीच नेल्या असतील. मी त्या गोळ्या कधी पाहिल्याही नाहीत.”

“दिल्या कोणी?”

“काय माहीत. तिच्या डॉक्टरनं तर चक्क नाही म्हटलं होतं. डोकं दुखायच्या आधी तिच्या डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या रेषा चमकायच्या. अशा बाईला या गोळ्या चालत नाहीत. मग ऑक्टोबरात म्हणाली, झाली सोय. मी खोदून विचारलं नाही.”

मोठी बहीण इंगर दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिला सातवा महिना होता. तिनं कॉफी दिली, पण स्वतः घेतली नाही.

“असल्या विषयांवर आम्ही कधी बोलत नव्हतो,” ती म्हणाली.

“मारित कोसळली त्या दिवशी तुम्ही कुठे होता?”

“दवाखान्यात. मध्ये एकदा घरून तिचा गाऊन नि ब्रश घेऊन आले. आई तिच्याजवळून हलायला तयार नव्हती.”

“गोळ्यांचा तिला काही त्रास व्हायचा?”

“थोडं मळमळायचं. त्या गुलाबी गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की होतंच तसं.”

बाहेर आल्यावर अमोसनं गाडी सुरू केली. “आता कंपनीच्या माणसाला गाठायचं ना?”

“नको,” लेनोर म्हणाली. “उद्या हाउगेबाईंकडे जाऊ. इंगरलाही बोलव.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे रॅग्नांच्या स्वयंपाकघरात बसले. मारित शेजारच्या खोलीत होती.

“कंपनीचा माणूस फेब्रुवारीत आला,” लेनोर म्हणाली. “पाकीट डिसेंबरातच गेलं होतं. डेलनं खण पाहिला तेव्हा तो रिकामा होता.”

“डेल खोटं बोलत असेल तर?” अमोसनं विचारलं.

“डॉक्टरनं नकार दिला होता हे आपल्याला त्यानंच सांगितलं. लपवायचं असतं तर तो हे बोलला नसता. दुकानात मारितचं नाव नाही, कारण त्या गोळ्या तिच्यासाठी घेतलेल्याच नव्हत्या. दुसऱ्या कुणा बाईच्या होत्या. जिला आता त्यांची गरज उरली नव्हती, अशा बाईच्या.”

इंगरचा हात पोटावर होता. तो तिथेच राहिला.

“रॅग्नाबाई, गोळ्या कुठल्या रंगाच्या होत्या?”

“पाकीट पालथं होतं. मला नाही माहीत.”

“डेललाही माहीत नाही. इंगर म्हणते, आम्ही या विषयावर बोलतच नव्हतो. पण गोळ्या गुलाबी होत्या हे तिला ठाऊक आहे, मारितला मळमळायचं हेही ठाऊक आहे. आणि त्या दिवशी गाऊन आणायला घरी गेली होती ती एकटीच.”



“पाकिटावर पुढून दुकानानं चिकटवलेली चिठ्ठी होती,” इंगर म्हणाली. “माझ्या नावाची. मी ते सरोवरात टाकलं.” मग तशाच सपाट आवाजात, “ती मागे लागली होती, आई. मला वाटलं, डॉक्टर उगाच घाबरवतात. मी वर्षानुवर्षं घेतल्या, मला काही झालं नाही. नुसती पाकिटं दिली. खोकं माझ्याकडेच राहिलं.”

“सूचनांचा कागद खोक्यातच असतो,” लेनोर म्हणाली. “डोळ्यांपुढे रेषा दिसणाऱ्या बायकांनी या गोळ्या घेऊ नयेत, असं त्यात कंपनीनंच छापलेलं असतं.”

अमोसनं वही मिटली. दावा संपला होता, हे त्यालाही कळलं.

“म्हणजे ती भिंतीकडे बघायची ते तुझ्यासाठी,” रॅग्ना म्हणाल्या.

इंगर उठली. कोटाची बटणं पोटावर लागेनात. “मी जाते.”

रॅग्नांनी शेगडीवरचं बटाट्याचं सूप वाडग्यात ओतलं नि टेबलावर इंगरपुढे ठेवलं. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही.

“गार होईल,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातून मारित खात नाही.”

इंगरनं कोट काढला. वाडगा उचलून ती आत गेली. थोड्या वेळानं चमच्याचा आवाज यायला लागला.