पहिलं पाणी

यात मी काहीही वाढवून सांगत नाहीये. वाढवायला अंगात जीवच उरलेला नाही.

मागच्या वर्षीचा मे महिना. रविवार, दुपारचे साडेबारा. जागा, नागपुरातल्या सक्करदऱ्याजवळचं आमचं छोटं चर्च.

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

मी प्रीती. वेदीवरचे कपडे धुण्याचं काम बारा वर्षं माझ्याकडे आहे.

आमचे फादर इग्नेशियस जुन्या वळणाचे. मिस्सा, म्हणजे आमची उपासना, ते लॅटिनमध्ये करायचे. वेदीकडे तोंड, आमच्याकडे पाठ. शब्द कोणालाच कळायचे नाहीत, तरी लोक पार सदरहून यायचे.

माणूसच तसा होता. माझा नवरा गेला तेव्हा ते माझ्या घरी फरशीवर दुपारभर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. मला तेवढं पुरलं.

त्यांचा एक नियम होता. मिस्सेतला प्याला ज्या पांढऱ्या रुमालाने पुसतात, त्यात पवित्र द्राक्षारसाचा अंश राहतो. म्हणून त्या रुमालाचं पहिलं पाणी ते स्वतः काढायचे. पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, तीनदा खळबळायचे आणि ते पाणी आवारातल्या कडुलिंबाखाली ओतायचे. मगच रुमाल माझ्या हातात.

"मोरीत नाही जाऊ द्यायचं वं प्रीती. ते नुसतं पाणी नाही."

केरळचा माणूस, पण बोलणं पक्कं नागपुरी.

मार्चमधल्या एका रविवारी मिस्सा संपली आणि फादर वेदीजवळच कोसळले. त्यांना दवाखान्यात नेलं. त्या गडबडीत मी रुमाल पिशवीत कोंबला, घरी आणला आणि...

लेकीच्या युनिफॉर्मसोबत मशीनमध्ये टाकला. मशीनचं पाणी आमच्या मोरीत जातं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"प्रीती, रुमालाचं पाणी कुठं टाकलं वं?"

"कडुलिंबाखाली, फादर."

"बरं केलं. मले त्याचीच काळजी लागून राहिली होती."

पहाटे ते गेले.

मी रडले नाही. अजूनही नाही. आत काहीतरी बंद पडलंय.

नवे फादर आले. भला माणूस, पण त्यांना या गोष्टींचं फारसं नव्हतं. "रुमाल सरळ धुवायला न्या," म्हणाले.

मग तो मेमधला रविवार. मिस्सेनंतर दोन तासांनी मी कपडे न्यायला गेले. चौकीदाराकडून चावी घेऊन वेदीमागच्या खोलीचं कुलूप उघडलं. रुमाल टेबलावर होते आणि...

ओले होते.

खळबळून, पिळून, फादर घालायचे तशीच घडी घातलेली.

नागपूरचा मे. ओला टॉवेल दहा मिनिटांत पापड होतो. आणि नळाला दोन दिवस पाणी नव्हतं.

मी बाहेर येऊन पाहिलं. कडुलिंबाखालची माती ओली होती.

फाटकाशी चौकीदार चंपतराव बसले होते. त्यांना विचारलं.

"आतमदी कोनीच नाही गेलं ताई. चाबी माह्याच जवळ होती. काहून, काही गेलं का?"

"नाही," म्हटलं. काय सांगणार?

पुढच्या रविवारी मी कुलूप न काढता दाराबाहेरच बसले. ऊन मी म्हणत होतं. बरोबर साडेबाराला आतून...

पितळी भांडं सरकल्याचा आवाज.

मग खळबळ. एकदा. दोनदा. तीनदा.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी दाराला कपाळ टेकलं आणि म्हणाले, "फादर, मी खोटं बोलले. त्या दिवशीचं पाणी माझ्या घरच्या मोरीत गेलं. माफ करा."

आवाज थांबला.

मी कुलूप काढून दार उघडलं. आत कोणी नव्हतं. गंज कोरडा ठणठणीत. रुमालही कोरडे.

त्यानंतर तिथले रुमाल कधी ओले सापडले नाहीत. मला वाटलं, माफी मिळाली. सुटले.

जूनच्या पहिल्या रविवारी मी घरी स्वयंपाक करत होते. माझी मुलगी भूमिका मोरीतून ओरडली.

"मम्मी, ही जाळी काहून काढून ठेवली?"

मी काढली नव्हती. लोखंडी जाळी, वर्षानुवर्षं हललेली नव्हती. ती बाजूला नीट ठेवलेली होती. भोकातला गाळ काढून कडेला लावलेला. कोणीतरी आत हात घालून चाचपलं होतं.

मी घड्याळ पाहिलं. साडेबारा वाजून गेले होते.

आता वर्ष होऊन गेलं. दर रविवारी हेच. मी जाळी परत बसवते, गाळ टाकून देते. भूमिकाला सांगितलंय, उंदरं असतील.

एकदा मोरीच्या दारात उभी राहून म्हटलंसुद्धा, "फादर, ते पाणी गेलं हो. आता नाही सापडायचं."

खालून, खूप खालून...

ओंजळीने पाणी उपसल्याचा आवाज.

ज्या माणसाने माझ्यासाठी एक दुपार फरशीवर काढली, त्याला मी वर्षभर माझ्या मोरीत बसवून ठेवलंय. हे कळतं, पण रडू येत नाही.

आज शनिवार आहे. जाळी मी आत्ताच काढून ठेवली.